दोन कॉम्प्युटर आणि मधलं दार

जगात मला सगळ्यात जास्त चीड कोणत्या वाक्याची येते, असं कोणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. "तुमच्याकडूनच काहीतरी झालं असेल." हे वाक्य मी एका दिवाळीच्या आगेमागे महिनाभर ऐकलं. फोनवरून पनवेलचं ऐकलं, समोरासमोर औद्योगिक वसाहतीचं ऐकलं, आणि माझ्याच घरात आमटी वाढता वाढताही ऐकलं. प्रत्येक वेळी मी छातीवर हात ठेवून, रंगमंचावरच्या निरपराध कैद्यासारखा ताठ उभा राहून, एकच उत्तर दिलं: "मी काहीही केलेलं नाही!"

एकविसावं शतक नुकतंच लागलं होतं. महाडच्या बाजारपेठेत आमचं टायपिंगचं दुकान होतं. लग्नपत्रिका, सत्यनारायणाची निमंत्रणं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, कारखान्यांचे फॉर्म, ग्रामपंचायतीच्या नोटिसा, असं काय वाटेल ते आम्ही टाइप करून द्यायचो. आम्ही म्हणजे बायको. मी पुढे बसून बोलायचो. बोलणं हेही एक काम असतं, हे मला तिला अजून पटवता आलेलं नाही.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, त्यामागे कॉम्प्युटर, कॉम्प्युटरसमोर बायको आणि बायकोच्या मागे गिऱ्हाईक. हो, मागे! गिऱ्हाइकाने काउंटरच्या पलीकडे उभं राहायचं असतं, ही फक्त माझी समजूत होती. टायपिंगच्या दुकानात गिऱ्हाईक काउंटरची फळी स्वतःच्या हाताने उचलून आत येतं, खुर्चीच्या पाठीवर दोन्ही कोपरं टेकवतं आणि टाइप करणाऱ्याच्या कानात श्वास सोडत राहतं.

"वहिनी, गणपती जरा मोठा करा. अजून. आता सोंड कापली जातेय बघा. जरा लहान."

"वहिनी, मुलीकडच्यांचं नाव मोठं झालं. आमचंही तेवढंच करा."

"तेवढंच आहे हो."

"नाही, डोळ्यांना लहान वाटतंय."

या सगळ्यांचे मुकुटमणी म्हणजे पोलादपूरचे एक निवृत्त गुरुजी. त्यांनी उमेदीची वर्षं वर कुडपणच्या पठारावरच्या शाळेत काढली होती आणि आता ते त्या शाळेची स्मरणिका काढत होते. एक दिवसाआड सकाळच्या एसटीने यायचे. कापडी पिशवीत जुने फोटो, वहीचे कागद आणि तपकिरीची डबी. माणूस सज्जन, भाषा शुद्ध, पण मजकूर स्क्रीनवर उमटताना बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "ताई, हा स्वल्पविराम जरा डावीकडे घ्या," असं म्हणत ते बोट थेट काचेवर टेकवायचे. मग चिमूट नाकाशी जायची आणि शिंक कीबोर्डवर यायची. आमच्या कीबोर्डचं एक बटण तपकिरीनेच बसलं होतं.

एके दिवशी त्या शिंकेनंतर बायको उठली. तिने पदराने हात पुसला आणि चार गिऱ्हाइकांदेखत मला म्हणाली, "अहो, मला दार हवं."

"कसलं दार?"

"बंद होणारं."

लग्नाला सोळा वर्षं झाली होती. या सोळा वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजण्यासारख्या, आणि त्यातल्या निम्म्या माझ्याच औषधाच्या गोळ्या होत्या. त्यामुळे मी लगेच तुडीलच्या सुताराला बोलावलं. त्याने आठवड्यात प्लायवूडचं पार्टिशन उभं केलं आणि मध्ये चौकट बसवून दार लावलं. दार पूर्ण बसत नव्हतं, बोटभर उघडं राहायचं, पण दार होतं. आत बायकोची खोली झाली. खोली म्हणजे टेबल, खुर्ची, छोटा पंखा आणि नवा कॉम्प्युटर. जुना कॉम्प्युटर पुढे माझ्याकडे राहिला, त्याला स्कॅनर आणि प्रिंटर जोडलेले.

आता कामाची पद्धत अशी: गिऱ्हाइकाचा फोटो मी पुढे स्कॅन करायचा, तो वायरीतून आत जायचा. ती आत पान जुळवायची, ते वायरीतून बाहेर यायचं, मी छापायचं. पनवेलचा विक्रेता येऊन दोन्ही कॉम्प्युटर एका निळ्या वायरीने जोडून गेला. दोघांच्या मध्ये एक सामाईक फोल्डर करून दिला. माझ्या कॉम्प्युटरवर त्यात काही ठेवलं की तिला आत दिसायचं. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हा चमत्कार करून दाखवायचो. "आता ही फाईल भिंतीतून आरपार जाणार बघा!" लोक भिंतीकडे बघायचे. आतून बायको ओरडायची, "आली!" टाळ्या तेवढ्या पडायच्या बाकी होत्या.

वायर उघडी लोंबकळताना दिसली की मला दुकानाचं आतडं बाहेर आल्यासारखं वाटायचं. म्हणून मी सुताराला ती चौकटीच्या डोक्यावरून न्यायला लावली, वर लाकडी पट्टी मारून घेतली आणि पट्टीला चौकटीचाच रंग दिला. पंधरा दिवसांत मी स्वतःच विसरलो की तिथे वायर आहे. हे वाक्य मी लिहून टाकलं खरं, पण त्यावरून तुम्ही पुढचं ओळखलंत म्हणून लगेच शहाणे होऊ नका. मी रोज त्या दाराखालून जात होतो आणि मला ओळखता आलं नव्हतं.

दार झाल्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक नवीन गोष्ट घडली. दुपारी बाजार शांत होता आणि पार्टिशनच्या पलीकडून गाणं ऐकू आलं. रेडिओ नव्हता. बायको गात होती. टाइप करता करता, बटणांच्या ठेक्यावर, अगदी हळू. सोळा वर्षांत मी तिला गाताना ऐकलं नव्हतं. आरतीतसुद्धा ती नुसते ओठ हलवते असा माझा समज होता. मी पेपर खाली ठेवला आणि ऐकत बसलो. गुरुजीही काउंटरच्या बाहेर, डबी हातात धरून, शिंकायचे थांबले होते.

दीड महिना हे असं सोन्यासारखं चाललं. मग दसरा आला.

आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा होते. जे पोटाला देतं ते हत्यार, त्यामुळे दोन्ही कॉम्प्युटरना हळदकुंकू वाहिलं, फुलं ठेवली, नारळ फोडला. झेंडू आणि आंब्याच्या पानांची तोरणं मी स्वतः लावली, एक दुकानाला आणि एक आतल्या नव्या दाराला. नवं दार, पहिला दसरा, मला तर भरून आलं होतं. स्टुलावर चढलो, तर बायको खालून म्हणाली, "दोऱ्याने बांधा की."

"तोरण बांधत नाहीत, लावतात," मी वरून जाहीर केलं. त्या दिवशी पूजेला बसवलेल्या हत्याराला काम सांगायचं नाही, म्हणून कॉम्प्युटर बंद ठेवले. सगळ्यांना सोनं वाटलं आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी एक फोटो दिला. पठारावरच्या शाळेसमोर चाळीसेक मुलं, पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेली, मागे गुरुजी काळ्या केसांचे. मी तो स्कॅन केला, सामाईक फोल्डरमध्ये टाकला आणि सवयीने आत ओरडलो, "आला का?"

"नाही."

स्क्रीनवर ते छोटे कागद एका फोल्डरातून दुसऱ्यात उडत होते. खाली लिहिलं होतं, उरलेला वेळ पन्नास सेकंद. बघता बघता चार मिनिटं झाली. मग छत्तीस मिनिटं. मला एक सांगा, मुंबईला निघालेली गाडी जसजशी पुढे जाईल तसतशी मुंबई लांब जात असेल तर तुम्ही ड्रायव्हरची गचांडी धराल की नाही? मी कोणाची धरू? शेवटी कागद उडायचे थांबले आणि एक खिडकी उघडली. तिच्यात इंग्रजीत लिहिलं होतं की ती जागा आता उपलब्ध नाही. उपलब्ध नाही! सहा फुटांवर भिंतीपलीकडे बायको बसलेली मला ऐकू येत होती!

पनवेलला फोन लावला.

"बंद करून परत चालू करा," तिकडून उत्तर आलं.

"तीनदा केलं."

"दोन्ही?"

"दोन्ही तीन-तीनदा."

"मग तुमच्याकडूनच काहीतरी झालं असेल. काय बदललं?"

"काही नाही! काल तर आम्ही त्यांना हातसुद्धा लावला नाही, फक्त पूजा केली!"

मग विक्रेता म्हणाला, "स्थानिक कोणाला तरी दाखवा."

स्थानिक तज्ज्ञ एकच होते. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते कॉम्प्युटर सांभाळायचे आणि पहिली पाळी सुटली की मोटारसायकलवरून गावात खासगी कामं करायचे. चाळिशीचे, खिशाला दोन पेनं, बोलण्यात प्रचंड शांतपणा. या शांतपणाचा मला पुढे फार त्रास झाला. त्यांनी वायर दोन्ही टोकांना बघितली. हिरवा दिवा लुकलुकत होता. त्यांनी काळ्या खिडकीत काहीतरी टाइप करून या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरला चार हाका मारल्या. चारही हाकांना ओ आली.

"वायर ओके," ते म्हणाले. मग दोन ओळींचं एक पत्र लिहून सामाईक फोल्डरमध्ये टाकलं. आतून बायको म्हणाली, "आलं!"

"झालं की! चालतंय," असं म्हणून ते पेन खिशाला लावायला लागले.

"चालतंय कसं? पत्र जातंय. फोटो जात नाही!"

"असं कसं होईल? वायरीला काय कळतंय, पत्र कोणतं आणि फोटो कोणता?"

"तेच तर मी तुम्हाला विचारतोय!"

फोटो टाकला. अडकला. तज्ज्ञ पहिल्यांदा खुर्चीत नीट बसले. "वहिनी, हे कधीपासून?"

"दसऱ्यापासून," बायको दारात येऊन म्हणाली.

"दसऱ्याला काय केलं होतं?"

"काही नाही," मी म्हणालो. "पूजा."

त्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली, स्क्रू ड्रायव्हर काढला आणि जुन्या कॉम्प्युटरचं पत्र्याचं झाकण उघडलं. आत हात घालून काहीतरी वेचलं आणि माझ्यासमोर तळवा उघडला. तळव्यावर अक्षता होत्या. हळद लावलेले सात तांदूळ, आणि एक झेंडूची पाकळी.

"हे पंख्याच्या जाळीतून आत गेलं," ते शांतपणे म्हणाले. "तुमच्याकडूनच झालं."

मी पेटलो. "म्हणजे सात तांदळांनी फोटो अडवला? आणि पत्र जाऊ दिलं? कॉम्प्युटरला तांदूळ चालत नाहीत असं कुठे लिहिलंय? तुमच्या कारखान्यात दसऱ्याला बॉयलरला काय नुसता नमस्कार करता?"

"बॉयलरला फुलं. अक्षता नाही," ते म्हणाले, आणि पाकळी कचऱ्याच्या डब्यात टाकली.

अक्षता काढल्या, कॉम्प्युटर फुंकून साफ केला, तरी फोटो जाईना. मग तज्ज्ञांचे प्रयोग सुरू झाले. दोन कॉम्प्युटर एका गटात आहेत की नाहीत ते बघितलं. गटाचं नाव बदललं. दोघांचे नंबर बदलले. फोल्डरला परवानगी दिली, काढली, परत दिली. पासवर्ड लावला, तो मला सांगायचा राहिला, मग तो काढायला परत यावं लागलं. एकदा व्हायरस तपासला. एकदा म्हणाले, "पुढची सिस्टिम जुनी, आतली नवी. दोघांचं पटत नाही."

"दीड महिना पटत होतं!"

"मग आत्ताच काय झालं?"

"तेच तर मी विचारतोय!"

"तुम्ही नक्की काही बदललं नाहीत?"

"काही! ही! नाही!"

आणि दर वेळी ते दोन ओळींचं पत्र टाकून बघायचे, ते सुखरूप पोचायचं, आणि ते समाधानाने मोटारसायकलला किक मारून जायचे. त्या पत्राचा मला इतका राग आला होता की मी ते फोल्डरमधून पुसून टाकायचो. त्यात लिहिलेलं असायचं, 'नमस्कार. हे पत्र मिळाले का?'

या सगळ्यात खरी पंचाईत बायकोची झाली. फोटो फ्लॉपीत मावायचा नाही. पेन ड्राइव्ह तेव्हा महाडात आमच्या बघण्यात नव्हती. म्हणजे फोटोचं कोणतंही काम असलं की तिला आतून उठून पुढच्या कॉम्प्युटरवर येऊन बसावं लागायचं. आणि त्या दिवसांत सगळी कामं फोटोचीच होती. दिवाळीची शुभेच्छापत्रं, पुढाऱ्यांची तोंडं, आणि गुरुजींची स्मरणिका. पहिल्या खेपेला गुरुजी जरा संकोचाने काउंटरच्या बाहेर उभे राहिले. दुसऱ्या खेपेला त्यांनी फळी उचलली. तिसऱ्या खेपेला खुर्चीच्या पाठीवर कोपरं टेकली.

"ताई, आता कसं बरं वाटतं. तुम्ही आत गेलात की मला वाटायचं, माझ्या मुलांचं काय होतंय कोण जाणे."

मुलं म्हणजे फोटोतली मुलं. आता रागावायचं तरी कसं? पण त्यांची शिंक मात्र पूर्वीसारखीच होती. दिवाळी झाली, तोरणातले झेंडू वाळून तपकिरी झाले, पानं वळली. आमच्याकडे दसऱ्याचं तोरण पुढच्या दसऱ्यापर्यंत काढत नाहीत, त्यामुळे ते तसंच लटकत होतं. आतल्या खुर्चीवर धूळ बसायला लागली. गाणं तर दसऱ्यालाच बंद झालं होतं. बायको तक्रार करत नव्हती. ती तक्रार करत नाही तेव्हा मी अस्वस्थ होतो, आणि मी अस्वस्थ झालो की निर्णय घेतो.

"हे पार्टिशन काढून टाकू," मी एका सकाळी जाहीर केलं. "दोन्ही कॉम्प्युटर पुढे शेजारी शेजारी ठेवू. तंत्रज्ञान आपल्या महाडाला मानवत नाही."

"उत्तम विचार," गुरुजी म्हणाले. "मोकळं वाटेल."

बायको पुढच्या कॉम्प्युटरवर होती. तिने मान वर केली नाही. "दार पण काढणार?" एवढंच विचारलं.

"पार्टिशन काढल्यावर दार कशाला?"

"बरं," ती म्हणाली. त्या एका 'बरं'मध्ये काय होतं ते मला ऐकू आलं होतं. पण संतापलेल्या माणसाला दुसऱ्याचं ऐकू येऊन उपयोग नसतो.

दोन दिवसांनी सकाळीच सुतार तुडीलहून सायकलवर आला. हत्यारांची पिशवी ठेवली, पार्टिशनभोवती एक फेरी मारली आणि जिवावर आल्यासारखा म्हणाला, "शेट, तीन म्हैन्यात मोडायचं तं बांधलं कशाला? चांगला माल हाय."

"माल चांगला आहे रे. कॉम्प्युटर नालायक आहेत."

"मंग कॉम्पुटर काढा. भिंतीनं काय केलंय?"

गुरुजी हसले. बायको उठून उभी राहिली होती, बघत होती. सुताराने स्टूल ओढलं, वर चढला, तोरण हळूच दोन्ही हातांनी उतरवून कपाळाला लावलं आणि खाली तिच्या हातात दिलं. मग त्याने चौकटीकडे बघितलं, जरा पुढे वाकून बघितलं, आणि तिथून खाली माझ्याकडे बघितलं.

"शेट, हा खिळा कोनी मारला?"

"कोणता खिळा?"

"हा. मधोमध. पट्टीत."

"मी. तोरणाला. का?"

"आवो, ही पट्टी मी मारली ती कशापायी? तिच्यामागं तुमची वायर हाय ना! तुमीच तं बोल्लात, झाक म्हनून. मी माझं खिळे कडंकडंनं मारलंत, हे बगा, दोन हितं, दोन तितं. तुमी बरूबर मधी ठोकलाय. अडीच इंची! तोरन लावलाव का पालखी टांगलाव?"

सुताराने पकड लावली, खिळा खेचून काढला आणि माझ्या हातात ठेवला. मी तो, सांगायला लाज वाटते, मुठीत घेऊन सदऱ्याच्या खिशात टाकला. जणू काही पुरावाच नाहीसा झाला.

म्हणजे दोन ओळींचं पत्र त्या खिळ्याला चुकवून जात होतं आणि जडशीळ फोटो तिथेच अडकत होता. बायको खुर्चीत बसली. गुरुजींचा तो शाळेचा फोटो, चाळीस मुलांचा, महिनाभर अडकलेला, तिने उचलला आणि सामाईक फोल्डरमध्ये टाकला. कागद उडाले. उरलेला वेळ वीस सेकंद. दहा. पाच. मग ती खिडकी आपोआप मिटली.

ती उठून आत गेली. आतून कितीतरी दिवसांनी तो शब्द आला. "आला."

मी आत डोकावलो. काळ्या केसांचे गुरुजी आणि पुढे मांडी घालून बसलेली मुलं, सगळी तिच्या स्क्रीनवर होती. तिने माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

"खिळा," ती म्हणाली.

दिला.

"दसऱ्याला मी काय म्हणाले होते?"

"दोऱ्याने बांधा."

"आणि महिनाभर सगळे काय विचारत होते?"

आता याचं उत्तर काय द्यायचं? माझी बाजू मी तेव्हाही मांडली आणि आजही मांडतो. मला सगळ्यांनी विचारलं, काय बदललंत? काय केलंत? तोरण लावणं हे काही करणं आहे का? अंघोळ करणं, देवाला दिवा लावणं, दसऱ्याला तोरण लावणं, या गोष्टी माणूस करत नाही, त्या होतात! 'तुम्ही कुठे खिळा ठोकलात का,' असं एकाने तरी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे हो म्हणालो असतो. हे सगळं मी बायकोला हातवारे करून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, खिळा पेनांच्या डब्यात टाकला आणि माझ्या खांद्यावरून सुताराला हाक मारली.

"दादा, पार्टिशन राहू दे. दार नीट बसत नाही, तेवढं रंधा मारून बसवा. आणि आतून कडी लावून द्या."

"कडी हाय पिशवीत," सुतार एकदम खुशीत म्हणाला. "आनि वायर नवी टाका, गो ताई. हिला भोक पडलंय. आज चालंल, उद्याचं सांगत नाय."

मोडायला आलेल्या माणसाने दुपारपर्यंत दार बसवलं. ते आता आवाज न करता मिटत होतं. बायको आत गेली आणि कडीचा आवाज आला. गुरुजी काउंटरच्या फळीपाशी उभे होते. त्यांनी बंद दाराकडे बघितलं, मग मोकळ्या खुर्चीकडे, मग फळी आपल्या हाताने खाली टाकली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

साडेतीनला मोटारसायकल थांबली. तज्ज्ञ आत आले, रोजच्यासारखे शांत.

"काय, जातायत फोटो?"

"जातायत," मी म्हणालो.

"म्हटलं होतं ना. परवा मी गटाचं नाव परत बदललं. त्याला रुळायला दोन दिवस लागतात."

माझ्या जिभेवर काय काय आलं असेल ते तुम्हीच कल्पना करा. रुळायला! दोन दिवस! नाव! पण त्यांचं खोडायचं तर खिळ्याचं सांगावं लागणार. आयुष्यात पहिल्यांदा मी पूर्णपणे बरोबर होतो आणि मला तोंड उघडता येत नव्हतं. पार्टिशनपलीकडची बटणं थांबली होती. बायको ऐकत होती.

"तुमचीच कृपा," मी म्हणालो. बाकावर गुरुजींना ठसका लागला. त्याचं कारण तपकीर नव्हती.

बटणं परत सुरू झाली. जोरात, भराभर. मग माझ्या स्क्रीनवर सामाईक फोल्डरमध्ये एक नवी फाईल उमटली. चांगली जडशीळ, भोवती वेलबुट्टीची रंगीत चौकट, कोपऱ्यांत झेंडूची फुलं. क्षणात बाहेर आली.

"काय आलं?" तज्ज्ञांनी वाकून विचारलं.

आतून आवाज आला, "छापा आणि दाराला लावा."

छापली. पाटीवर ठळक अक्षरांत दोन ओळी होत्या:

'आत येण्यापूर्वी दार वाजवावे.

दाराला खिळे मारू नयेत.'

तज्ज्ञांनी ती दोनदा वाचली. वर चौकटीकडे बघितलं. पट्टीच्या मधोमध पडलेलं भोक बघितलं, त्याच्या खालून निळ्या वायरीची रेघ बघितली, आणि मग माझ्याकडे. महिनाभराचा तो शांतपणा पहिल्यांदाच सुटला. ते हसायला लागले, ते थेट स्टुलावर बसेपर्यंत.

"तुम्ही तर काही केलं नव्हतं!"

मी डिंकाची बाटली घेतली, पाटीच्या मागे चारही कोपऱ्यांना नीट डिंक लावला आणि ती बंद दारावर दाबून धरली. डिंक सुकेपर्यंत तिथेच उभा राहिलो. पलीकडे गाणं सुरू झालं होतं.